एमए इंग्लिशला आहे पण उच्चार अजून शाळेतलेच, तीन आठवड्यांनी व्हायवा आहे, कुठून सुरू करू?

कळव्याची_वाचक

नमस्कार. मी कळव्याला राहते, कलिनाला, म्हणजे मुंबई विद्यापीठात, एमए इंग्लिश पार्ट वनला आहे. शाळा पूर्ण मराठी मिडीयम, बीए ठाण्यातच केलं. वाचायला इंग्लिश मला कधी जड गेलं नाही, पेपरही चांगले जातात, पण वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की घशाला कोरड पडते.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या त्या सांगते म्हणजे प्रश्न कळेल. एक कविता वाचताना थडगं या अर्थाचा शब्द आला, तो मी स्पेलिंगप्रमाणे टॉम्ब असा वाचला आणि मागच्या दोन बाकांवरून हसू आलं. सरांनी फक्त 'टूम' म्हणून पुढे नेलं, रागावले वगैरे नाहीत, पण मला पुढच्या चार ओळी नीट दिसतच नव्हत्या. दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली, एका ब्रिटिश पाहुण्या प्राध्यापकांचं ऑनलाइन लेक्चर होतं, मी धीर करून नायिकेच्या कॅरेक्टरबद्दल प्रश्न विचारला आणि त्यांना कॅरेक्टर हा शब्दच कळेना. तीनदा म्हटलं, शेवटी चॅटमध्ये टाईप केला. त्या वेळी वर्गात कोणीच हसलं नाही, कारण आम्ही सगळेच तो शब्द तसाच म्हणतो ना.

घरी येताना कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर स्लो लोकलची वाट बघत उभी होते तेव्हा डोक्यात आलं, की ज्या शब्दाला वर्ग हसला तो शब्द पाहुण्यांना बहुतेक संदर्भाने कळला असता आणि ज्याला कोणी हसलं नाही तोच कळला नाही. मग मी नेमकं सुधारायचं काय? तीन आठवड्यांनी फोनेटिक्सची (उच्चारशास्त्राची) व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा आहे, एक उतारा वाचायचा आणि त्यावर प्रश्न. वर्गातले काहीजण वेबसिरीज बघून अमेरिकन बोलायला लागलेत, तसं करायचं का? की ब्रिटिश ॲक्सेंट आलाच पाहिजे? मनापासून विचारतेय, कृपया कोणी 'कॉन्फिडन्स ठेव' एवढंच लिहू नका.

---

नौपाड्यातली_मास्तरीण

अगं, प्लॅटफॉर्मवर तुला जे सुचलं तिथूनच सुरू कर. मी बावीस वर्षं डिग्री कॉलेजला इंग्लिश शिकवते आणि दर वर्षी हेच बघते, की मुलं एकमेकांच्या ज्या चुकांना हसतात त्या चुका वेगळ्या आणि समोरच्याला ज्याने कळत नाही त्या वेगळ्या. टूमसारखे शब्द म्हणजे मुके बी, मुके पी, ही एक यादी आहे, ती चार संध्याकाळी बसलीस तर पाठ होईल. डेट, डाउट, सटल, प्लमर, रिसीट. त्यात कमीपणा काहीच नाही, तो शब्द तू आधी पुस्तकात पाहिलास आणि कानाने कधी ऐकलाच नाहीस एवढंच त्यातून कळतं.

खरी अडचण तीच आहे. आपण इंग्लिश डोळ्यांनी शिकलो. आमच्या वेळी इंग्लिश पाचवीपासून होतं, २००० पासून राज्यात मराठी शाळांना पहिलीपासून आलं, पण बहुतेक वर्गांत शिकवायची पद्धत तीच राहिली, स्पेलिंग पाठ, अर्थ पाठ, धडा वाचा. मराठीत हे चालतं कारण जसं लिहितो जवळजवळ तसंच बोलतो. इंग्लिशमध्ये अक्षरं २६ आणि ब्रिटिश पद्धतीत मोजले तर ध्वनी ४४, त्यातले स्वरच २०, आणि ते लिहायला स्वराची अक्षरं फक्त पाच. म्हणजे स्पेलिंगवर विसंबलं की फसणारच.

आता आपल्या मराठी कानाच्या सवयी सांगते, या तुला कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाहीत. शुद्धलेखनाचा नियम आठव, अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार उकार दीर्घ. गरीब, वकील, फूल, मूल. हा नुसता लिहिण्याचा नियम नाही, आपली जीभच तशी वळलेली आहे. म्हणून आपण शिप हा शब्द लिहितो ऱ्हस्व पण म्हणताना शीप होतो, मग जहाज आणि मेंढी एकच. फिल आणि फील, पुल आणि पूल, सगळं एक होऊन जातं. बुकला 'बूक' म्हणणारी मुलं दर बॅचला असतात आणि मी त्यांना सांगते की तुम्ही मराठी व्याकरण अगदी बरोबर पाळताय, फक्त ते इथे लागू नाही. इंग्लिशचा ऱ्हस्व इ हा नुसता आखूड ई नाही बरं का, जीभ थोडी खाली आणि सैल असते. 'दिवा' म्हणताना 'दि' जसा पटकन सुटतो तसा सोडायचा.

दुसरं व आणि व्ह. मराठीने खरं तर फार छान सोय केलीय, व्हॅन व्हिडिओ लिहिताना व्ह आणि वॉच वॉटर लिहिताना व. व्ह म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, व म्हणताना दात कुठेही लागत नाहीत, ओठ शीळ घालायला करतो तसे गोल. पण घोळ असा झालाय की आपण व्हाइट, व्हॉट, व्हाय हेही व्हनेच लिहितो, कारण स्पेलिंगमध्ये तिथे एच दिसतो. तिथे गोल ओठांचा वच हवा. वाइट, वॉट, वाय. आरशासमोर उभी राहून वेट आणि व्हेट आळीपाळीने दहा वेळा म्हण, आठवडाभरात फरक दिसेल.

तिसरं झेड. आपण झू, झेब्रा म्हणतो ते झ मधल्या ह सकट. 'आजी' मधला ज आणि 'आज' मधला ज वेगळे आहेत हे तुला माहितीये. त्या 'आज' मधल्या जला धरून राहा आणि जीभ वर टेकू न देता नुसता आवाज चालू ठेव, भुंगा गुणगुणतो तसा. तो झेड. आपल्याकडे तो जवळजवळ आहेच.

व्हायवासाठी डिक्शनरीतली चिन्हं वाचायला शिक. ती लिपी करणारी संघटना पॅरिसला १८८६ मध्ये सुरू झाली आणि डॅनियल जोन्सचा उच्चारकोश १९१७ चा, म्हणजे आपल्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी कानाऐवजी त्यावर भागवलं. तुला तर फोनवर शब्द ऐकूही येतो. आधी ऐक, मग चिन्ह बघ, स्पेलिंग सगळ्यात शेवटी.

---

ऐरोली_नाईटशिफ्ट

मॅडमनी ध्वनींचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, मी कॅरेक्टरचं सांगतो. ऐरोलीत एका बीपीओत आधी पाच वर्षं कॉल घेतले, नंतर सहा वर्षं नवीन मुलांना व्हॉइसचं ट्रेनिंग दिलं. ठाणे, कळवा, कल्याण, पनवेल, सगळीकडची मुलं यायची, बरीचशी बीए बीकॉम झालेली.

तुझा शब्द न कळण्याचं कारण स्ट्रेस. तू बहुतेक क-रॅक्-टर असं म्हणालीस, मधल्या तुकड्यावर जोर. तो हवा पहिल्यावर, कॅ-रिक्-टर. ऐकणाऱ्याच्या डोक्यात इंग्लिश शब्द जोर कुठे आहे त्यावरून शोधला जातो, जोर चुकला की तो वेगळ्याच कप्प्यात शोधायला जातो आणि तू कितीही मोठ्याने म्हटलंस तरी सापडत नाही. तीनदा म्हणूनही कळलं नाही ते यामुळे, कारण तिन्ही वेळा जोर तिथेच राहिला असणार.

आम्हाला हे पैशाच्या आकड्यात कळायचं. फिफ्टी आणि फिफ्टीन. आपण दोन्हीकडे सारखाच जोर देतो आणि शेवटचा न हळू सोडतो, समोरच्या अमेरिकन बाईला पंधरा डॉलरऐवजी पन्नास ऐकू येणार, मग ती चिडणार, मुलाला वाटणार आपण काय चुकीचं बोललो. आकडा एकटा किंवा वाक्याच्या शेवटी आला तर फिफ्टीन, ट वर जोर, ई लांब, न पूर्ण, आणि पन्नास म्हणजे फिफ्टी, शेवट चटकन सोडून द्यायचा. नवीन बॅचला पहिले दोन दिवस मी दुसरं काही शिकवायचोच नाही, थर्टी थर्टीन फॉर्टी फॉर्टीन.

मराठीत आपल्याला हे का येत नाही तर आपल्याकडे जोराने अर्थ बदलत नाही. शाळेत आपण वृत्तं शिकलो, लघु गुरू मोजले, यमाताराजभानसलगं, तिथे प्रत्येक अक्षराला त्याचा त्याचा ठरलेला वेळ मिळतो. इंग्लिशमध्ये एका तुकड्याला भरपूर मिळतं आणि बाकीचे चिरडले जातात. म्हणून फोटोग्राफ, पण फटॉग्रफी, आणि फोटोग्रॅफिक. एकाच शब्दाची तीन रूपं, जोर फिरला की स्वरसुद्धा बदलले बघ. रेकॉर्ड नाम असेल तर रेकॉर्ड, क्रियापद असेल तर रिकॉर्ड. मराठीत आपण दोन्हीला रेकॉर्डच म्हणतो त्यामुळे कानाला ते कळतच नाही.

आणि जे चिरडलेले तुकडे असतात ना त्यांचा स्वर म्हणजे आपला साधा अ. डिक्शनरीत उलटा ई दिसतो तो. 'करतो' मधल्या 'क' मधला अ आहे जवळपास, थोडा सैल. तो आपल्याकडे जन्मापासून आहे, तरी आपण वापरत नाही कारण स्पेलिंगमध्ये ए ओ दिसतात म्हणून आपण ते प्रामाणिकपणे म्हणतो. कम्फर्टेबल म्हणताना त्यात टेबल नाहीये, कम्फ्टबल. पर्पोज नाही, पर्पस. क्लायमेट नाही, क्लायमट. वाक्यातले टू, ऑफ, अँड, वॉज हेसुद्धा असेच बारीक होतात. हे बारीक केलेस की बाकीचे शब्द आपोआप उठून दिसतात, वेगळा ॲक्सेंट लावावा लागत नाही.

एक अजून, शब्दाच्या सुरुवातीच्या प ट क वर हवा सोड. पिन म्हणताना तोंडासमोर कागदाचा कपटा धर, तो हलला पाहिजे. आपण हवा न सोडता म्हणतो म्हणून परदेशी कानाला बिन ऐकू येतं. स नंतर आला तर मात्र हवा नको, स्पिन म्हणताना कपटा स्थिर.

---

घणसोली_सेक्टर_७

सगळं वाचलं, मान्यही आहे बरंचसं, पण एक खटकतंय म्हणून लिहितो. आपण का बदलायचं? मी इंजिनिअर आहे, रोज जर्मनी, कोरिया, ब्राझीलच्या लोकांशी कॉल असतात, त्या सगळ्यांना आपापला ॲक्सेंट आहे आणि ते बिनधास्त बोलतात. आपल्याच पोरांना लहानपणापासून 'असं नाही तसं म्हण' करून गप्प केलं जातं. माझी बहीण मराठी मिडीयमची, हुशार, पण कॉलेजच्या तीन वर्षांत वर्गात एकदाही तोंड उघडलं नाही तिने, फक्त उच्चाराच्या भीतीने. मला त्याचं फार वाईट वाटतं. या मुलीने ब्रिटिश व्हायची काय गरज आहे?

---

नौपाड्यातली_मास्तरीण

तुमचं म्हणणं मला पटतं आणि बहिणीचं वाचून खरंच वाईट वाटलं, अशा मुली मी पाहिल्यात. म्हणूनच ॲक्सेंट आणि कळणं या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. कॅनडातल्या मन्रो आणि डर्विंग या संशोधकांचं १९९५ चं काम आहे, त्यात त्यांनी ऐकणाऱ्यांकडून हे वेगवेगळं तपासलं आणि दिसलं असं की बोलणाऱ्याचा ॲक्सेंट खूप जाड वाटला तरी त्याचं बोलणं शब्द न् शब्द कळलेलं असू शकतं. म्हणजे ॲक्सेंट हा काही रोग नाही.

जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली यावर पुस्तकच लिहिलं, दोघांचीही मातृभाषा इंग्लिश नसताना कोणते उच्चार सांभाळले नाहीत तर गाडी अडते यावर. सांभाळायलाच हवेत अशा उच्चारांची त्यांनी यादी केली, तिला त्या गाभा म्हणतात. त्या गाभ्यात स्वरांची लांबी आहे, सुरुवातीच्या प ट क वरची हवा आहे, वाक्यात मुख्य जोर कुठे ते आहे. आणि ज्याच्यामागे आपल्याकडे इतकी वर्षं लागतात तो थिंक, दॅट मधला जीभ दातांत धरायचा उच्चार त्यांनी गाभ्यातून काढून टाकला. आपण तिथे थ आणि द म्हणतो, म्हणू दे. शब्दातला जोर मात्र त्यांनी गाभ्यात घेतलेला नाही, त्यामुळे ऐरोलीकर म्हणतात त्यावर अभ्यासकांचं एकमत आहे असं नाही. पण माझा वर्गातला अनुभव ऐरोलीकरांच्या बाजूचा आहे, निदान समोर ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस असेल तर.

आणि आर. वर्गातल्या ब्रिटिश बोलणाऱ्या मुली कार, टीचर मधला र गाळतात, तो तू अजिबात गाळू नकोस. स्कॉटलंडमध्ये म्हणतात, आयर्लंडमध्ये म्हणतात, बहुतेक अमेरिकेत म्हणतात. भारतीय इंग्लिशच्या ध्वनींवर आपल्याकडे हैदराबादला, आता जी इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी आहे आणि १९५८ मध्ये साधी सेंट्रल इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली, तिथे फार आधीपासून काम झालंय. आपल्या इंग्लिशला नाव आहे, वर्णन आहे. व्हायवात कोणी विचारलं तर हे सांगायला लाजू नकोस.

---

नेरूळ_जर्मनवाली

मी इंग्लिशची नाही, कलिनालाच जर्मन करते, पण या धाग्यात मला काहीतरी लिहायचंच आहे. जर्मनच्या पहिल्या वर्गात आम्हाला कळायच्या आधी ऐकायला लावलं. ऊ म्हणायला करतो तसे ओठ गोल करून आत ई म्हणायचं, असले स्वर आम्ही आरशात बघून शिकलो. डब्ल्यू तिथे व्ह होतो आणि व्ही बहुतेक शब्दांत फ होतो, म्हणून ती गाडीची कंपनी फोक्सव्हागन. हे सगळं बाईंनी पहिल्या महिन्यात करून घेतलं, चुकलो तर कोणी हसलं नाही, कारण परकी भाषा आहे, चुकणारच, असं सगळ्यांनी धरलेलं.

इंग्लिशच्या बाबतीत हेच होत नाही. ज्यांच्या घरी कोणी बोलत नाही त्यांच्यासाठी ती परकीच आहे, तरी सगळे धरून चालतात की ती तुम्हाला येतच असणार, मग उच्चार शिकवायचे कोणी आणि कधी? बारा पंधरा वर्षं शिकूनही इंग्लिशच्या वर्गात माझा एकही स्वर कोणी दुरुस्त केला नाही आणि जर्मनच्या वर्गात आठवड्यात केला. मला तर उलटं झालं, जर्मनमुळे माझा इंग्लिशचा डब्ल्यू बिघडला, वाइनला मी व्हाइन म्हणायला लागले, मग दोन्ही शब्द शेजारी लिहून रोज म्हणावे लागले.

कळव्याची ताई, एक उपाय सांगते, आमच्याकडे करून घेतात. एक मिनिटाचा ऑडिओ घे, बातम्यांचा वगैरे, वेबसिरीज नको कारण तिथे अर्धं पुटपुटतात. एक वाक्य ऐक, थांबव, लगेच तसंच्या तसं म्हण, अर्थाचा विचार न करता, गाण्याची चाल उचलतो तसं. फोनवर स्वतःचं रेकॉर्ड कर आणि मूळ आणि आपलं एकापाठोपाठ ऐक. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज नको वाटतो, तिसऱ्या दिवशी सवय होते. मी नेरूळवरून कुर्ल्यापर्यंत हार्बरने येते तेवढ्या वेळात ऐकणं होतं, म्हणणं घरी.

---

कळव्याची_वाचक

व्हायवा काल झाली. आधी लिहायला जमलं नाही त्याबद्दल सॉरी, सगळ्यांचे रिप्लाय वहीत उतरवून घेतले होते आणि रोज त्यावरच बसत होते.

मी सगळं नाही केलं, होणारच नव्हतं. नाटक कादंबरीच्या चर्चेत रोज लागणारे चाळीस शब्द काढले आणि प्रत्येकाचा जोर डिक्शनरीत ऐकून वहीत मराठीतच लिहिला, ज्या तुकड्यावर जोर त्याखाली लाल रेघ. कॅरेक्टर पहिला. नॅरेटिव्ह, मेटाफर, हायपर्बली (मी आजपर्यंत हायपरबोल म्हणत होते, इतकी वर्षं!), ॲनॅलिसिस आणि ॲनलिटिकल, ट्रॅजेडी आणि ट्रजीडियन. चाळीसपैकी सव्वीस मी चुकीच्या ठिकाणी जोर देत होते. शिप शीपसाठी धाकट्या भावाला कामाला लावलं, तो डोळे मिटून बसायचा, मी शब्द म्हणायचे आणि त्याने चित्रावर बोट ठेवायचं, जहाज की मेंढी. पहिल्या दिवशी तो दहातले पाच ओळखायचा म्हणजे नुसता अंदाजच, शेवटी नऊ. तो दहावीला आहे, त्यालाही जमायला लागलंय.

व्हायवात उतारा वाचला, मध्ये मन्थ्स या शब्दावर अडकले, थ आणि स एकत्र येईना, थांबून परत म्हटला. बाहेरच्या एक्झामिनर मॅडमनी काही टोकलं नाही. मग त्यांनी विचारलं की तुझ्या स्वतःच्या इंग्लिशवर मराठीचा काय परिणाम दिसतो, तेव्हा मी गरीब वकील वालं सांगितलं, त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या आणि म्हणाल्या हे परत सांग.

अडले ते भूतकाळाच्या ईडीला. लुक्ड, वॉक्ड, बेग्ड, वॉन्टेड यात शेवटी कुठे ट, कुठे ड, कुठे इड, मला नियम सांगता आला नाही, मी सगळीकडे एड म्हणते. पुढच्या सेमिस्टरला लागेल, कोणी समजावेल का?

---

नौपाड्यातली_मास्तरीण

शाब्बास गं, फार बरं वाटलं वाचून. चाळीस शब्दांची वही माझ्या वर्गालाही करायला सांगणार आहे.

ईडीचं तुला येतं, फक्त ते तू मराठीच्या तासाला शिकलीस. प्रथम व्यंजन संधी आठव, विपद् अधिक काल, विपत्काल. द चा त का झाला? शेजारी क आला, तो कठोर, त्याने द लाही कठोर करून घेतलं. लुकमध्ये शेवटी क आहे, कठोर, म्हणून ड चा ट, लुक्ट. वॉक्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, तसंच. बेगमध्ये ग आहे, मृदू, म्हणून ड तसाच राहतो, बेग्ड. स्वर असला तरी ड, प्लेड. आणि शब्द मुळातच ट किंवा ड वर संपत असेल तर दोन सारखे ध्वनी शेजारी म्हणता येत नाहीत म्हणून मध्ये छोटा इ घालायचा, वॉन्टिड, नीडिड. इड फक्त तिथेच. गळ्यावर बोट ठेव, शेवटच्या व्यंजनाला थरथर लागली तर मृदू, नाही लागली तर कठोर.

अनेकवचनाच्या एसलाही बहुतांशी हेच आहे. कॅट्सला स, डॉग्सला भुंग्याचा झेड. भावाला बसव परत.